कडीची खूण

"वही तुमच्या हातानं न्या, ताई, आन तुमच्याच हातानं परत आणून द्या. मधी दुसरा हात नको."

इलाहीचाचा हे म्हणाले तेव्हा त्यांच्या हातात हातोडी होती आणि माझ्या हातात चौसष्ट प्रश्नांचा फॉर्म. मी नुसती मान हलवली नाही, तोंडानं 'हो' म्हणाले. सोमवार होता, बोलायला मोकळा वार. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं जे बिघडलं ते दोन्ही वेळा गुरुवारी बिघडलं.

माझा मुलगा ऋषिराज फौजेत भरती झाला त्या आठवड्यापासून मी दर गुरुवारी दुपारी बारापर्यंत मौन धरते. पहाटे तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय हे रोजचंच; गुरुवारी त्यात मौनाची भर. बारा वाजता दत्ताच्या तसबिरीपुढे कंदी पेढ्याचा तुकडा ठेवायचा आणि मग पहिला शब्द बोलायचा. ऑफिसात असले तर तसबीर माझ्या टेबलाच्या खणात असते. सात वर्षांत एकही गुरुवार चुकला नव्हता. ऋषिराज आता फार वर, बर्फात आहे. आठ-पंधरा दिवसांनी फोन येतो, तोही तुटक. मी तिथं जाऊन काही करू शकत नाही, म्हणून इथं गप्प राहते. देवाशी माझा एवढाच करार.

आमचं ऑफिस साताऱ्यात पोवई नाक्याजवळ, तिसऱ्या मजल्यावर. अठरा वर्षं मी लहान कारखान्यांची प्रमाणपत्रांची कागदपत्रं तयार करत आले. कुठला कारखाना रजिस्टर रोज भरतो आणि कुठला महिनाअखेरीस एका बैठकीत भरतो, हे मला शाईवरून कळतं. दोन वर्षांपूर्वी विश्वजित सरांनी ऑफिस चालवायला घेतलं. पस्तिशीचे, पुण्यात शिकलेले, माझ्याशी कधी आवाज चढवून बोलले नाहीत. त्यांनी नवं काम आणलं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले छोटे कारखाने एआय वापरायला किती तयार आहेत ते तपासायचं. चौसष्ट प्रश्न, मिळून शंभर गुण. साठाच्या वर गेला तो कारखाना 'सज्ज'. सरांची सूचना एकच होती: दिसेल ते लिहा मॅडम, वाटेल ते नको.

पलूसच्या औद्योगिक वसाहतीतली यशराजदादांची फौंड्री माझ्या यादीत सतरावी होती. पंपाच्या ओतीव बॉड्या करतात. बेचाळीस माणसं. सगळा माल पुण्यातल्या एका पंप कंपनीला जातो, आणि त्या कंपनीनं कळवलं होतं की ज्याला साठाच्या खाली गुण, त्याला पुढच्या वर्षीपासून काम नाही. यशराजदादांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांच्या पुढ्यातला चहा साय धरून बसला होता. वडिलांच्या हातची फौंड्री, म्हणाले. याच्या पलीकडे मला काही येत नाही, म्हणाले. मी फॉर्म उघडला.

यंत्रं एकमेकांना जोडलेली आहेत का? नाहीत. संगणक? एक, बिलांपुरता. कामगार नवीन पद्धतीबरोबर काम करायला तयार आहेत का, हा प्रश्न मी साचे भरणाऱ्यांच्या घोळक्यात जाऊन विचारला. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग कानात सोन्याची कडी घातलेला एक वाळूनं माखलेला माणूस म्हणाला, "मशीन च्या पीत आसंल तर बसू की शेजारी. न्हाईतर गप्पा कुणाशी मारायच्या?" घोळका हसला. मीही हसले आणि त्या प्रश्नाला चांगले गुण दिले. त्या माणसाचं नाव कोंडीबा. जतकडचा, मेंढरांच्या घरातला, चोवीस वर्षं इथं वाळूचे साचे भरतो.

बत्तिसाव्या प्रश्नावर मी अडले. नापास झालेल्या नगांची, कारणांसह, दोन वर्षांची नोंद आहे का? या एका प्रश्नाला आठ गुण, कारण एआयला शिकायला चुकाच लागतात. सगळं बरोबर असेल तर ते शिकणार कशातून, असं सर समजावून सांगायचे. यशराजदादांनी सात वर्षांची रजिस्टरं पुढं ठेवली. सुबक. 'नापास' या रकान्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शून्य. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते ओशाळले. वडिलांच्या काळापासूनची रीत आहे, म्हणाले. बिघडलेला नग फोडून त्याच दिवशी भट्टीत परत टाकायचा, आणि जो भट्टीत परत गेला तो ओतलाच नव्हता असं धरायचं. मग लिहायचा कशाला?

मी शून्य लिहिलं. बेरीज केली. पंचावन्न.

पुन्हा केली. पंचावन्नच.

जेवणाच्या सुट्टीत मला सोमवारचा उपास, म्हणून मी नगांच्या ढिगाजवळ सावलीला बसून जप करत होते. पलीकडे शेडच्या कडेला एक दाढीवाले गृहस्थ नमाज आटोपून सतरंजी गुंडाळत होते. त्यांनी माझे हलणारे ओठ पाहिले, उपास का, असं विचारलं आणि स्वतःचं स्टूल आणून दिलं. हेच इलाही शिकलगार. एकसष्ट वर्षांचे. फौंड्रीतला प्रत्येक नग त्यांच्या कानाखालून जातो.

कानाखालून, हे खरंच. साखळीच्या आकड्याला नग टांगायचा, छोट्या हातोडीनं एकदा ठोकायचा आणि ऐकायचं. पहिला नग देवळातल्या घंटेसारखा लांबपर्यंत वाजत राहिला. दुसरा मला तसाच वाटला. चाचांनी मान हलवली. "कोपऱ्यात चीर हाय." त्यांनी घणानं तो फोडला आणि कोपऱ्याचा तुकडा माझ्यापुढं धरला. केसाएवढी रेघ. मग खिशातून शाळेची दोनशे पानी वही काढली, तारीख घातली आणि एक अर्धा चंद्र काढला.

मी विचारलं, हे काय लिहिता? ते लाजले. म्हणाले, माणसानं घाम गाळून केलेला नग आपण मोडतो. उद्या वर विचारलं, इलाही, हा का मोडलास, तर सांगता यायला पाहिजे. म्हणून नऊ वर्षं प्रत्येक मोडलेल्या नगाची खूण. अर्धा चंद्र म्हणजे चीर. तीन ठिपके म्हणजे आत हवा राहिलेली. आडवी रेघ म्हणजे वाळू ओली होती. मागच्या बऱ्याच जुन्या वह्यांमधलं त्यांनी याच वहीत बारीक अक्षरात उतरवून घेतलं होतं. रमजानच्या महिन्यांत, दुपारी वेळ असायचा तेव्हा. यशराजदादांना या वहीचा पत्ता नव्हता.

मी बत्तिसावा प्रश्न त्यांना वाचून दाखवला. आठ गुण म्हणजे काय तेही सांगितलं. चाचा बराच वेळ हातोडी या हातातून त्या हातात करत राहिले. मग वहीतली एक खूण दाखवली. छोटंसं वर्तुळ, खाली जरा उघडं. कानातल्या कडीसारखं.

"हे कोंडीबाचं हाय," ते हळू म्हणाले.

कोंडीबाचे हात तीन-चार वर्षांपासून कापायला लागले होते. साच्याच्या कोपऱ्यात वाळू घट्ट दाबली जात नाही. दिवसाला चार नग जातात, कधी पाच. चाचा ते फोडून भट्टीत टाकतात आणि गप्प बसतात. रजिस्टरात शून्य असल्यामुळे कुणाला कळत नाही. अजून दोन वर्षं, म्हणाले. मग तोच जाणार जतला, भावाच्या मेंढरांकडं. वीस वर्षं दोघं एका डब्यात जेवत होते. नवी वाळू आली की कोंडीबा हसत म्हणायचा, चाचा, आज माझे किती फोडलेस? आणि चाचा म्हणायचे, एकबी न्हाई.

मी म्हणाले, मी फक्त वही आहे एवढंच दाखवीन. आतली पानं कुणी वाचणार नाही. शनिवारपर्यंत परत आणून देते.

तेव्हा ते दुसऱ्या हाताचं बोलले, आणि मी 'हो' म्हणाले. फॉर्मवर शून्य खोडून आठ केले. त्रेसष्ट. जे दिसलं ते लिहिलं होतं.

गुरुवारी सकाळी वही माझ्या टेबलावर होती. पिशवीतून काढून मी तिला नवीन कव्हर घालत होते, कोपरे फाटले होते म्हणून. तेवढंच माझ्याकडून. विश्वजित सर सरळ माझ्या टेबलाशी आले. वही उघडली आणि उभ्या उभ्या वाचत राहिले. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला अजून दिसतं. लहान मुलाला गाभुळलेली चिंच सापडावी तसा. नऊ वर्षं, म्हणाले. तारखेसह, म्हणाले. मॅडम, आधीच्या सोळा कारखान्यांत असं काही मिळालं नाही. त्यांनी राजनंदिनीला हाक मारली. ही आमच्याकडची नवी मुलगी, संगणक शिकलेली, हुशार, मला आत्या म्हणते. तिला सांगितलं की सगळी पानं स्कॅन कर, खुणा टाईप कर आणि आजच पुण्याला, पंप कंपनीकडे पाठव.

मी उठून उभी राहिले. अकराला दहा कमी होते.

मी काय करू शकत होते ते मला ठाऊक आहे. वही हातातून काढून घेता आली असती. एक शब्द पुरला असता. पण त्या आठवड्यात ऋषिराजचा फोन आला नव्हता, अकरा दिवस झाले होते, आणि माझ्या जिभेवर जणू त्याचाच भार होता. मी चिठ्ठी लिहिली: 'चाचांना विचारल्याशिवाय नको. मी शब्द दिला आहे.' सरांच्या पुढ्यात ठेवली. ते फोनवर होते. त्यांनी माझ्याकडे बघून हसून मान डोलावली, गुरुवार ना, असं हातानंच विचारलं, आणि कॉफीचा कप त्या चिठ्ठीवर ठेवला.

बारा वाजता मी पेढा ठेवला, हात जोडले आणि राजनंदिनीच्या टेबलाशी गेले. ती म्हणाली, "झालं, आत्या. मस्त डेटा आहे." वहीही पावणेबाराच्या कुरिअरनं पुण्याला गेली होती. कंपनीनं मूळ प्रत बघायला मागितली होती.

मी सरांना सगळं सांगितलं, फक्त कडीचं सोडून. ते खरोखर खजील झाले. चिठ्ठी वाचली नाही, म्हणाले. पण आता गेली, म्हणाले. आणि यात त्या माणसाचं भलंच आहे, त्याचं नाव होईल. संध्याकाळी ऋषिराजचा फोन आला. बरा होता. मला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाज वाटली. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

शनिवारी मी चाचांना फोन केला. वही पुण्याला गेली, लवकरच येईल, एवढंच बोलले. स्कॅनचं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दिवशी तर मौनही नव्हतं.

महिन्याभरानं पलूसला बैठक ठरली. फौंड्री 'सज्ज' ठरली होती. कंपनीनं पहिल्या पाच कारखान्यांत तिची निवड केली होती: नग ठोकल्यावर आवाज ऐकून चीर ओळखणारी यंत्रणा तिथं बसणार होती, आणि तिला शिकवायला इलाहीचाचा. त्यांच्यासाठी खुर्ची आली होती, पंखा आला होता. यशराजदादांनी गेटवर रांगोळी घालून घेतली होती. वार गुरुवार, सकाळी दहा. मी सरांना दिवस बदला म्हणाले होते. कंपनीच्या माणसांना तोच सोयीचा होता.

यशराजदादांच्या केबिनमध्ये भिंतीवर पडदा लावला होता. चाचांना पुढं बसवलं होतं. इस्त्रीचा सदरा, कानामागं नेहमीचा खडू. दाराजवळ साचे भरणारे चार-पाच जण उभे होते, कोंडीबाही. त्यानं मला बघून हात कपाळापर्यंत नेऊन नमस्कार केला.

राजनंदिनीनं पडदा सुरू केला. आणि त्यावर अर्धा चंद्र आला. मग तीन ठिपके. आडवी रेघ. चाचांच्या हातच्या खुणा, पण मोठ्या, निळ्या, कडा साफ केलेल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर एक खांब. जितके नग, तितका उंच.

चाचा खुर्चीत थोडे पुढं सरकले. मग वळून माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. रस्त्यात घरातली वस्तू पडलेली दिसली की माणूस आधी खात्री करून घेतो, तसं.

सगळ्यात उंच खांब कडीचा होता.

या खुणेचा अर्थ आम्हाला लागला नाही, असं विश्वजित सर म्हणाले. बाकीच्या कळतात, ही कुठल्या दोषाची? त्यांनी आदरानंच विचारलं. चाचा पडद्याकडे बघत राहिले. या माणसानं नऊ वर्षं देवाला उत्तर देता यावं म्हणून वही लिहिली होती.

"लय जुनं हाय, साहेब. ध्यानात न्हाई," ते म्हणाले.

सरांनी मला विचारलं, मॅडम, तुम्हाला काही बोलले होते का? सगळे माझ्याकडे वळले. साडेदहा वाजले होते. मी खाली मान घातली. सर म्हणाले, अरे हो, आज गुरुवार. आणि कंपनीच्या माणसांना माझं मौन समजावून सांगायला लागले. त्यांतल्या एकानं हात जोडले. मला वाटलं, देवानं हा गुरुवार यासाठीच दिला. मागच्या वेळी माझ्या गप्प राहण्यानं जे उघडं पडलं, ते आज माझ्या गप्प राहण्यानंच झाकलं जाईल.

राजनंदिनी म्हणाली, थांबा सर, काढता येईल. तिच्याकडे हजेरीपत्रक होतं. फॉर्ममध्ये ते जोडायला मीच सांगितलं होतं, 'कामगारांची नोंद' या प्रश्नाखाली, त्यालाही दोन गुण होते. तिनं वहीच्या तारखा आणि हजेरीच्या तारखा शेजारी शेजारी ठेवायला संगणकाला सांगितलं. आम्हाला चहा येईपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. बेचाळीस नावांची यादी वरखाली झाली आणि थांबली. गेल्या वर्षी मेमध्ये सव्वीस दिवस कडीची खूण नाही. त्याआधीच्या दिवाळीत नऊ दिवस नाही. दोन्ही वेळा एकच माणूस रजेवर.

तिनं नाव मोठ्यानं वाचलं. तिला वाटलं होतं, सगळे शाबासकी देतील. वाचून झाल्यावर तिला दाराजवळचा माणूस दिसला, आणि तिचा हात माऊसवरून आपोआप उचलला गेला.

कोंडीबा पडद्यावरच्या त्या निळ्या कडीकडे बघत होता. हात कानाकडे गेला, कापत. मग तो चाचांना म्हणाला, अगदी साध्या आवाजात, "किती फोडलंस, चाचा? आज तरी खरं सांग."

चाचांनी कानामागचा खडू काढून मुठीत धरला.

"नऊ वर्सं लिवत व्हतास व्हय रं," कोंडीबा म्हणाला आणि बाहेर गेला.

यशराजदादा वाईट माणूस नाहीत. त्यांनी दोन दिवस विचार केला. पण कंपनीच्या माणसांनी खांब पाहिला होता, आणि अहवालाच्या शेवटच्या पानावर 'तातडीनं करायची सुधारणा' म्हणून तोच पहिला मुद्दा आला. अहवाल आमच्याच ऑफिसचा. मी विश्वजित सरांपुढं बसून बोलले, गुरुवार नसताना, जमेल तितकं नीट बोलले. माणसाचं नाव काढा, म्हणाले. त्यांनी काढलं. नाव काढून काय होणार होतं? पलूसमध्ये ते सगळ्यांना पाठ झालं होतं. दुसरं हलकं काम द्यायचं म्हटलं तर गेटवर ठेकेदाराची माणसं, आणि भट्टीजवळ कापणारे हात चालत नाहीत. या महिन्याअखेर कोंडीबाचं काम संपणार असं ठरलं. फौंड्री वाचली. बेचाळीसमधले एक्केचाळीस राहिले. या आकड्यावर बोट ठेवून सरांनी माझी समजूत काढली, आणि मला त्यांना चूक म्हणता आलं नाही. मीही मनात तीच वजाबाकी रोज करत होते.

राजनंदिनी एकदा माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. आत्या, मला माहीत नव्हतं, म्हणाली. मी तिला पेढा दिला. तिला खरंच माहीत नव्हतं. माहीत असलेली मी एकटीच होते, आणि चाचा.

चाचांचा फोन गेल्या मंगळवारी आला. मला वाटलं, आता बोलतील. ते बोलले, पण मला नाही. रोज सहाशे नग ठोकतात, म्हणाले. प्रत्येक ठोक्याला मशीन ऐकतं आणि नग चांगला की चिरलेला, ते चाचा त्याला सांगतात. डबा एकटेच खातात. कोंडीबा शेडच्या दुसऱ्या टोकाला बसतो. नजर देत नाही. त्याला वाटतं, संगणकाचं नुसतं निमित्त, नाव चाचांनीच दिलं, खुर्चीसाठी आणि पंख्यासाठी.

"मी सांगून त्येला पटत न्हाई, ताई. तुमी सांगा. इलाहीनं नाव घेतलं न्हाई, येवडंच. गुरुवारी त्यो थापी-बिपी न्यायला येनार हाय. आकराच्या जत गाडीनं जाईल. येकदा गेला की गेला." मग म्हणाले, "आन वही."

मी येते म्हणाले. चाचा गुरुवार म्हणाले ते माझ्या कानावर पडलं होतं, तरी मी येते म्हणाले.

वही काल पुण्याहून आली. कंपनीवाले कुरिअर परस्पर पलूसला पाठवायचं म्हणत होते; मी तीनदा फोन करून साताऱ्याला मागवली. मी घातलेलं नवं कव्हर कुणीतरी काढून टाकलं होतं आणि मूळ पुठ्ठ्यावर काळ्या रेघांचं स्टिकर लावलं होतं, खाली नंबर. मी ते नखानं काढायला गेले तर पुठ्ठ्याचा पापुद्राही सुटायला लागला. तसंच राहू दिलं. आतली पानं जशीच्या तशी आहेत. कडी कितीतरी पानांवर आहे. आता ती कुणापासून लपवायची नाही, आणि तरी मी वही पोथीच्या लाल फडक्यात गुंडाळली.

आज गुरुवार. पहाटे तुळशीला पाणी घातलं, अध्याय वाचला. सहा वाजून वीस मिनिटांची कराडची गाडी धरली आणि तिथून पलूसची लगेच मिळाली तर साडेनवापर्यंत पोचता येतं. गुरुवारी प्रवास असला की कंडक्टरला दाखवायला मी चिठ्ठी लिहून ठेवते. सवयीनं लिहिली: 'पलूस, एक.' मग तसल्याच दुसऱ्या कागदावर, कोंडीबाला दाखवायला म्हणून दुसरी लिहायला घेतली. 'चाचांनी तुमचं नाव'

एवढं लिहून थांबले. कोंडीबाला वाचता येतं का, हे मी कधी विचारलं नव्हतं. चौसष्ट प्रश्नांत ते नव्हतं. आणि येत असलं तरी त्यानं एका कागदावर विश्वास का ठेवावा? कागदानंच त्याचं काम गेलं होतं.

ऋषिराजचा फोन येऊन नऊ दिवस झालेत.

मी देव्हाऱ्यापुढं बसले. आजचं मौन उद्या पाळीन, असं मनात म्हणाले. उद्या बारापर्यंत नको, दिवसभर पाळीन. तुला राग येणार असेल तर तो माझ्यावर काढ, वर बर्फात नको. ऐकलं की नाही, मला समजलं नाही. दिवा सरळ जळत होता. वारा नसला की तो रोजच तसा जळतो.

दोन्ही चिठ्ठ्या फाडल्या. वही पिशवीत घातली, पिशवी छातीशी धरली, आणि शेजारी जागे होऊ नयेत म्हणून कडी हलकेच लावून जिना उतरले.